दुसऱ्याचं गाणं, कविता, फोटो ऑनलाइन टाकताना: कॉपीराइटचा रोजच्या वापराचा हिशेब

खाली नाव दिलं, ‘साभार’ लिहिलं की काम झालं, असा समाजमाध्यमांवर सर्रास समज आहे. प्रत्यक्षात नाव देणं आणि परवानगी घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. कर्त्याचं नाव देणं हा त्याचा नैतिक हक्क आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ तो राखतं आणि लेखकाने बाकीचे हक्क विकून टाकले तरी हा त्याच्याकडेच राहतो. वापराची परवानगी ही त्याहून निराळी गोष्ट. नाव दिलं पण विचारलं नाही तरी भंग होतो, आणि विचारलं पण नाव गाळलं तरी होतो. कवितेखालचं नाव उडवून ती पुढे पाठवणं, किंवा कुणाही अनामिकाच्या ओळी पु. ल. देशपांड्यांच्या नावावर खपवणं, यात पैसे कुणी कमावत नाही, पण लिहिणाऱ्याचं नुकसान व्हायचं ते होतंच. निदान एवढं तरी आजपासून थांबवता येतं: पुढे पाठवताना नाव काढू नका, आणि खात्री नसेल तर कुणाचं नाव लावू नका.

आता टाकण्याआधी काय बघायचं ते.

एका गाण्यात किती जणांचा हक्क असतो

पोस्टमध्ये जे काही आहे ते सुटं करून बघा. गाणं म्हणजे एक वस्तू नव्हे. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण बहुधा रेकॉर्ड कंपनीचं, आणि गायक-वादकांचे सादरकर्ते म्हणून वेगळे हक्क. प्रत्येकाची मुदत स्वतंत्र चालते आणि एकाची संपली म्हणून बाकीच्यांची संपत नाही.

तुकोबांच्या अभंगाचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत, ते हवे तसे छापा, गा, टी-शर्टवर घ्या. पण त्याच अभंगाला विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली चाल अजून त्याच्या वारसांची किंवा कंपनीची असू शकते, आणि तुम्ही रीलखाली लावलेलं ध्वनिमुद्रण तर हमखास कुणाचं तरी असतं. भजनी मंडळाने पारंपरिक चालीत म्हटलेला अभंग टाकायला अडचण नाही, कॅसेटमधला उचलला तर अडचण आहे.

मुदतीचा हिशेब सोपा आहे. लेखक, कवी, संगीतकार, चित्रकार यांच्या बाबतीत आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून सुरू होते. म्हणून मृत्यूच्या सालात ६१ मिळवायचे: जे साल येईल त्याच्या १ जानेवारीला साहित्य मोकळं होतं, म्हणजे परवानगीशिवाय वापरता येतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. ‘गीतरामायणा’चं उदाहरण बोलकं आहे. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, तेव्हा शब्द २०३८मध्ये मोकळे होतील. सुधीर फडके २००२ साली गेले, तेव्हा चाली २०६३पर्यंत मोकळ्या होत नाहीत. मधली पंचवीस वर्षं शब्द वाचून दाखवता येतील, त्या चालीत गाता येणार नाहीत.

लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या साहित्याला मात्र मृत्यूचं साल धरायचं नसतं, प्रकाशनाचं धरायचं. बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या, त्यांची गाणी १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली. म्हणून त्या संग्रहाची मोजणी १९५२ + ६१, म्हणजे २०१३. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांना प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, सादरकर्त्यांच्या हक्काला सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५०. फोटोचा नियम पूर्वी प्रकाशनापासून मोजायचा होता. २०१२च्या दुरुस्तीनंतर तोही छायाचित्रकाराच्या आयुष्याला जोडला गेला.

इथे एक खाच आहे. जुनं पुस्तक मोकळं असलं तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टीपा, मुखपृष्ठ आणि अनुवाद मोकळे नसतात. रशियन किंवा इंग्रजी अभिजात कथा मोकळी असेल, पण तुमच्या हातातला मराठी अनुवाद गेल्या दहा वर्षांतला असेल तर तो अनुवादकाचा आहे. संपूर्ण पुस्तक आवाजात वाचून ‘ऑडिओबुक’ म्हणून चॅनलवर टाकणारे नेमके इथे अडकतात.

आणि पुस्तकांच्या पीडीएफबद्दल एकदा स्पष्टच सांगायला हवं. टेलिग्रामच्या गटात नव्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत टाकणं हे वाचनसंस्कृतीचं काम नव्हे. मराठी पुस्तकाची आवृत्ती मोठी नसते, तेवढ्यात लेखक आणि प्रकाशक दोघांना भागवायचं असतं.

परवानगी मागायची कशी

हक्क कुणाकडे आहेत हे पुस्तकाच्या नावनिशीच्या पानावर छापलेलं असतं. वर्तुळातल्या ‘सी’पुढे लेखकाचं, वारसाचं किंवा प्रकाशकाचं नाव बघा. फोटोचा मूळ मालक शोधायला गूगल लेन्समध्ये फोटो टाका आणि सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठ्या आकाराची प्रत कुठे आहे ते पाहा. कवितेची पहिली ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधली की खरं नाव पुष्कळदा सापडतं.

विचारताना ‘तुमची कविता वापरू का?’ एवढंच विचारलं आणि ‘हो’ आलं, तर त्या ‘हो’मध्ये काय काय बसतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. संदेश असा हवा:

‘नमस्कार सर, दादरच्या आमच्या वाचनकट्ट्याचं इन्स्टाग्रामचं पान मी सांभाळते. तुमच्या संग्रहातली अमुक कविता मला माझ्या आवाजात वाचून दीड मिनिटाच्या रीलमध्ये टाकायची आहे. कविता पूर्ण वाचेन, शब्द बदलणार नाही, पार्श्वसंगीत लावणार नाही. तुमचं नाव आणि संग्रहाचं नाव सुरुवातीला पडद्यावर आणि खाली मजकुरात देईन. पानावरून पैसे मिळत नाहीत. रील इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर, जगभर दिसेल अशी, तीन वर्षं ठेवायची आहे. आपली हरकत नसेल तर याच मेलला तसं उत्तर द्यावं. मानधन अपेक्षित असेल तर कळवावं. हक्क प्रकाशकांकडे असतील तर कुणाशी बोलावं तेही सांगावं.’

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. कायद्याप्रमाणे परवानगी लेखी लागते, म्हणून फोनवर बोलणं झालं तरी मागाहून मेल टाका. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो, आणि इंटरनेटवर टाकलेली वस्तू भारतापुरती राहत नाही. ‘शब्द बदलणार नाही’ हे लिहिल्याने कवीची मोठी काळजी मिटते, कारण परवानगी मिळाल्यावर कडवी गाळणं हा भांडणाचा नेहमीचा विषय आहे. उत्तर आलं की मेल जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर चॅट एक्स्पोर्ट करा. निव्वळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका. उत्तर आलंच नाही तर ते नकार समजायचं. ‘आठ दिवसांत कळवलं नाहीत तर होकार धरतो’ असं लिहिणारे असतात, त्याला काहीही अर्थ नाही.

कवी हयात नसेल तर वारसांना विचारायचं. वारस तिघे असतील आणि एकानेच होकार दिला तर तेवढ्यावर पुढे जाऊ नका.

विचारावं लागतच नाही अशा जागा

बरंच साहित्य मालकांनीच आधी परवानगी देऊन ठेवलेलं असतं. विकिमीडिया कॉमन्सवर मुंबईचे हजारो फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवान्याखाली आहेत. गूगलच्या चित्रशोधात ‘टूल्स’मध्ये वापरहक्कांची गाळणी लावली की असेच फोटो पुढे येतात, तरी परवाना मूळ पानावर जाऊन वाचावा. परवान्याच्या नावातल्या अक्षरांचा अर्थ असा: ‘बाय’ म्हणजे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे त्यावरून काही नवं केलंत तर तेही याच परवान्याखाली ठेवा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, आणि जाहिराती चालू असलेलं चॅनल यात मोकळेपणाने बसत नाही. ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे देऊ नका. भाषांतर, रंग बदलणं, वर मजकूर चढवणं हे सगळं बदलातच येतं. ‘सीसी झीरो’ म्हणजे मालकाने सगळे हक्क सोडलेत.

श्रेयाची ओळ अशी दिसावी: छायाचित्राचं शीर्षक, छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्सचा दुवा, परवाना सीसी बाय-एसए ४.०, ‘कडा कापल्या आहेत’. ‘फोटो: गूगल’ किंवा ‘फोटो: इंटरनेट’ हे श्रेय नव्हे. परवान्याच्या ४.० आवृत्तीत एक सोय आहे: श्रेय चुकलं आणि कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तर गेलेला परवाना आपोआप परत मिळतो.

कलम ५२: कायद्याने दिलेली मोकळीक

हे कलम वाचलं तर पुष्कळ अनाठायी भीती जाते. खासगी वापर व अभ्यास, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी केलेला उचित वापर भंग ठरत नाही. पण उचित म्हणजे किती, याचं माप कायद्यात दिलेलं नाही. ‘३० सेकंदांपर्यंत चालतं’, ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ या निव्वळ ऐकीव गोष्टी आहेत. न्यायालय बघतं ते किती आणि कुठला भाग घेतला, कशासाठी घेतला आणि मूळ कृतीची जागा तुमची कृती घेते का. केरळ उच्च न्यायालयाने १९९६मध्ये एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या बाबतीत याच कसोट्या लावल्या आणि टीकेसाठी केलेल्या उसनवारीला जागा दिली. आपल्या कायद्यात विडंबनाला वेगळी सूट लिहिलेली नाही. ती टीकेच्या सुटीतूनच मिळवावी लागते, म्हणून मीममध्ये खरोखर काही म्हणणं असेल तर बाजू भक्कम होते.

चित्रपटाचं परीक्षण करताना दृश्याचा तेवढाच तुकडा घ्या ज्याबद्दल तुम्ही बोलताय, आणि त्याच्यावर किंवा लगेच नंतर तुमचं बोलणं येऊ द्या. दहा मिनिटांच्या व्हिडिओत आठ मिनिटं मूळ चित्रपट आणि मधूनमधून ‘भारी सीन’ असं झालं तर ते परीक्षण राहत नाही. कवितेच्या बाबतीत मात्र फार जपून. चार ओळींच्या चारोळीतल्या चारही ओळी दिल्या म्हणजे संपूर्ण कृती दिली. तिथे रसग्रहणही तेवढंच भरीव हवं.

आता मुंबईत रोज पडणारा प्रश्न. गणेशमंडप, लग्न, सोसायटीचा कार्यक्रम. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवण्याला कलम ५२ सूट देतं, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सोहळे धरले आहेत. सोसायटीच्या रहिवाशांसाठी असलेल्या बंदिस्त सभागृहात ध्वनिमुद्रण वाजवायलाही सूट आहे. हौशी संस्थेने बिनतिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या नाट्यप्रयोगालाही आहे. मंडळाच्या स्टेजवर प्रायोजक घेऊन, तिकीट लावून चित्रपटगीतांचा वाद्यवृंद ठेवला तर तो धार्मिक विधी म्हणून दाखवणं कठीण. तिथे गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेकडून आणि ध्वनिमुद्रण वाजणार असेल तर त्याच्या मालकाकडून आधी परवाना घ्यावा.

मुख्य गफलत पुढे होते. ही सूट त्या वेळी, त्या जागी होणाऱ्या सादरीकरणाला आहे. त्याचा संपादित व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं हे वेगळं कृत्य आहे, कारण तिथे तुम्ही ध्वनिमुद्रणाची प्रत करता, ती चित्राला जोडता आणि कायमची लोकांपुढे ठेवता. वरातीत बँडने गाणं वाजवलं ते ठीक. वरातीचा व्हिडिओ, खाली तेच गाणं मूळ रेकॉर्डवरून जोडून सार्वजनिक केला, की सूट तुमच्याबरोबर येत नाही. सोसायटीत विनातिकीट केलेली एकांकिका ठीक, तिचं चित्रीकरण चॅनलवर टाकायला लेखकाची स्वतंत्र परवानगी हवी. प्रयोगाची परवानगी देताना लेखक चित्रीकरणाचा उल्लेख करत नसेल तर ती मिळालेली नाही असंच धरा.

फोटोंचं तसंच. इमारतीचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही, मग ते सीएसएमटी असो की नवा टॉवर. सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेला पुतळा असेल तरीही नाही. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने मात्र २०१७मध्ये इमारतीच्या प्रतिमेची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करून घेतली. फिरायला गेल्यावर फोटो काढायला त्याने फरक पडत नाही, मगवर किंवा टी-शर्टवर छापून विकायचं असेल तर पडतो.

भित्तिचित्रांचं काय? पुतळ्याची सूट भिंतीवरच्या चित्राला तशीच्या तशी लागू होत नाही, कारण कायद्यातल्या त्या पोटकलमात चित्र धरलेलं नाही. तुम्ही वांद्र्याच्या गल्लीत चित्रासमोर उभं राहून सेल्फी टाकलीत तर कुणी तक्रार करणार नाही, व्हिडिओत मागे दिसलं तरी चालतं. पण ते चित्रच जाहिरातीचा विषय झालं की कलाकाराला विचारायला हवं. मुंबईतल्या एका भित्तिचित्राच्या जाहिरातीतल्या वापरावरून २०२३मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने एका विमा कंपनीला तशा पोस्ट काढायला सांगितलं.

आणि बाप्पाची मूर्ती. मूर्ती हे शिल्प आहे, मूर्तिकाराची कलाकृती आहे. ती मंडपात दहा-अकरा दिवस असते आणि विसर्जित होते, म्हणजे सार्वजनिक जागी कायमची नसते. म्हणून पुतळ्यासाठीची सूट तिला लावता येत नाही. दर्शनाचा फोटो स्टेटसला ठेवण्याबद्दल कुठल्याच मूर्तिकाराची हरकत नसते. त्याच फोटोची दिनदर्शिका काढून विकायची तर लालबाग-परळच्या त्या कारखान्यात जाऊन विचारा, आणि खाली मूर्तिकाराचं नाव छापा. फोटो दुसऱ्याने काढलेला असेल तर त्यालाही विचारावं लागेल.

रील आणि कव्हर गाणी

इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहातून लावलेलं गाणं त्या अ‍ॅपपुरतंच परवान्याचं असतं. तीच रील उतरवून यूट्यूबवर चढवली की परवाना मागे राहतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते. व्यावसायिक खात्यांना तो संग्रह अपुरा दिसतो, कारण करार मुख्यतः वैयक्तिक वापराचे आहेत. वडापावच्या दुकानाची जाहिरात वैयक्तिक खात्यावरून केली म्हणून तो वैयक्तिक वापर होत नाही. धंद्यासाठी मेटाचं साउंड कलेक्शन किंवा यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी वापरा, आणि लायब्ररीतल्या ज्या तुकड्यांना श्रेय मागितलंय त्यांना ते द्या.

दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन, म्हणजे ‘कव्हर’ म्हणून, टाकताना कॅराओके ट्रॅककडे लक्ष द्या. तो ट्रॅक हे आणखी एक ध्वनिमुद्रण आहे आणि त्याचा मालक तिसराच कुणी असतो. हार्मोनियम-तबल्यावर किंवा गिटारवर स्वतः साथ केली तर एक भानगड कमी होते, शब्द आणि चालीचा प्रश्न उरतोच. मोठ्या म्युझिक कंपन्या यूट्यूबवरच्या कव्हरना बहुधा चालू देतात आणि जाहिरातीचे पैसे स्वतः घेतात. ती त्यांची तडजोड आहे, तुमचा हक्क नाही, आणि ती कधीही मागे घेता येते. गाण्याचा वेग वाढवणं, पट्टी बदलणं, कडेला चौकट लावणं या युक्त्यांनी गाणी ओळखणारं यूट्यूबचं यंत्र एखाद वेळी चकतं. भंग मात्र तसाच राहतो, उलट तो जाणूनबुजून केल्याचा पुरावा होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून (एआय) गायकाच्या आवाजाची नक्कल करून गाणं बनवायची टूम आहे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या अर्जावर आवाज, नाव आणि प्रतिमा यांच्या अशा वापराला अंतरिम मनाई केली. हा प्रश्न कॉपीराइटच्याही पलीकडचा, व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा आहे. इथे थांबलेलंच बरं.

क्लेम आला तर

यूट्यूबवरचा कंटेंट आयडी क्लेम आणि स्ट्राइक यांत मोठा फरक आहे. क्लेम गाणी आपोआप ओळखणारं यंत्र लावतं. त्यात साधारणपणे व्हिडिओ चालू राहतो, पैसे मालकाकडे जातात किंवा काही देशांत तो दिसत नाही, पण चॅनलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होऊ शकतं.

क्लेम आला की आधी यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या ओळीत ‘रिस्ट्रिक्शन्स’खालचा तपशील उघडा आणि नेमकं कुठलं गाणं, कितव्या सेकंदापासून, हे पाहा. चूक आपली असेल तर तिथूनच तो तुकडा कापता येतो, गाणं बंद करता येतं किंवा बदलता येतं. व्हिडिओ खोडून नव्याने चढवायची गरज नसते. पारंपरिक आरती तुम्ही स्वतः म्हटली आणि क्लेम एखाद्या कंपनीच्या रेकॉर्डचा आला, असं गणपतीत पुष्कळदा होतं. तेव्हा डिस्प्यूट (हरकत) नोंदवा आणि रागाने न लिहिता एवढंच लिहा: शब्द व चाल पारंपरिक, गायन व वादन आमचं, ध्वनिमुद्रण अमुक तारखेला अमुक मंडपात. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. न दिल्यास क्लेम सुटतो.

स्ट्राइकला प्रतिनोटीस देता येते, पण ती कायदेशीर कागद आहे, तिच्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो तक्रारदाराकडे जातो. बाजू खरोखर भक्कम असेल तरच द्या. त्याआधी तक्रारदाराला सरळ मेल करून तक्रार मागे घ्यायची विनंती करणं बहुतेक वेळा लवकर फळतं.

जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये दिला. फोटोवरचं नाव जाणीवपूर्वक कापणं किंवा पुसणं यासाठी कलम ६५बी वेगळं आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

तुमचंच कुणी उचललं तर

कॉपीराइट मिळवायला नोंदणी लागत नाही, कृती केली त्या क्षणी तो तयार होतो. नोंदणीचा उपयोग पुराव्याला. लेख, कविता, चित्र, फोटो यांची फी कृतीमागे ५०० रुपये आहे, ध्वनिमुद्रणाची २,०००. अर्ज ऑनलाइन होतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. रोजच्या पोस्टसाठी हे परवडणारं नाही. त्यांच्यासाठी मूळ फाइल जपा: कॅमेऱ्यातला पूर्ण आकाराचा फोटो, चित्राची थरांसकट फाइल, कवितेचा खाडाखोडीसकट मसुदा. समाजमाध्यमावर नेहमी लहान आकार टाका, म्हणजे मोठी प्रत फक्त तुमच्याकडे असते आणि वादात ती एकटीच पुरते.

चोरी दिसली की आधी पुरावा, मग संवाद. पानाचा पूर्ण दुवा, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट, स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या. आधी जाहीर भांडलात तर पोस्ट गायब होते आणि हातात काही राहत नाही. मग संबंधित माध्यमाचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरा. नुसतं ‘रिपोर्ट’ दाबून हे होत नाही. २०१३च्या कॉपीराइट नियमांखालीही लेखी तक्रार करता येते. त्यात कृतीचं वर्णन, मालकीचा आधार, ती प्रत कलम ५२मध्ये का बसत नाही, नेमका दुवा आणि न्यायालयात दावा लावून २१ दिवसांत आदेश आणू अशी हमी द्यावी लागते. माध्यमाने ३६ तासांत ती प्रत बंद करायची असते. २१ दिवसांत आदेश आला नाही तर ती पुन्हा दिसू शकते. हमी द्यायची तयारी नसेल तर माध्यमाचा अर्जच बरा. खोटी धमकी मात्र कुणालाच देऊ नका, बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरच्याला कलम ६०खाली न्यायालयात जाता येतं.

फोटोग्राफर आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी एक गोष्ट आधीच लिहून घ्यावी. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि व्हिडिओचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो नवरा-नवरीच्या किंवा ज्यांनी काम दिलं त्यांच्या मालकीचे, आणि फोटोग्राफरला ते आपल्या पानावर टाकायला त्यांची परवानगी हवी. फोटोग्राफरचं नाव देणं मात्र कुटुंबालाही चुकत नाही. नोकरीत केलेल्या कामाची मालकी मालकाकडे जाते. कविता, लेख किंवा चाल फ्रीलान्स म्हणून करून दिली तर लेखी हस्तांतर होईपर्यंत ती करणाऱ्याचीच राहते, बिल चुकतं झालं तरी. कोटेशनच्या कागदावर ‘फोटोंची मालकी अमुकची, पानावर निवडक २० फोटो टाकायला संमती, प्रत्येक ठिकाणी नाव’ एवढी ओळ घातली, आणि दोघांनी सही केली, की अल्बम हातात पडल्यावर वाद उरत नाही.